गॅस-सूचक यंत्र : लावावे कोठे, सांभाळावे कसे
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय पाहून मघाशी दोन-तीन पालकांनी मला हटकले. "सर, तुम्ही तर मराठी आणि इतिहास शिकविता. हे गॅसचे यंत्र तुमच्याकडे कसे आले?" प्रश्न रास्त आहे. मी बी. ए., बी. एड. झालेला माणूस. प्रयोगशाळेत शेवटचे पाऊल ठेवले ते दहावीला. परंतु हे यंत्र माझ्याकडे विज्ञानाच्या वाटेने आलेच नाही, ते भटारखान्याच्या वाटेने आले. जे सांगणार आहे त्यातील आकडे आमच्या विज्ञानाच्या आणि गणिताच्या सरांकडून तपासून घेतले आहेत, तेव्हा त्याबद्दल निश्चिंत असावे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या गावी नोकरीस होतो. तेथे मुलांच्या वसतिगृहाची देखरेख माझ्याकडे होती. आखातात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने भटारखान्यासाठी गॅस-सूचक यंत्र पाठविले. लहानशी पांढरी डबी, पुढे जाळी, एक हिरवा दिवा आणि एक तांबडा. गॅस गळला की भोंगा वाजणार. आम्हाला मोठा आनंद झाला. वायरमनने विचारले, "सर, कोठे लावू?" मी म्हणालो, "तुम्हीच सांगा." तो म्हणाला, "धूर वरच जातो ना सर!" आणि त्याने ती डबी दाराच्या चौकटीवर, छताजवळ ठोकली. मी मान डोलावली. स्वयंपाक करणाऱ्या खालांना सांगितले, "खाला, आता काळजी नको. काही झाले तर यंत्र ओरडेल."

पुढे रमजान आला. सहरीच्या तयारीसाठी खाला पहाटे साडेतीनच्या सुमारास उठल्या आणि भटारखान्याचे दार उघडले. हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला, आणि तेथेच थांबला. वास आला होता. त्यांनी बटण दाबले नाही. दार सताड उघडे टाकले, पदर नाकाला लावला, अंधारात चाचपडत जाऊन रेग्युलेटर बंद केला आणि मागचे दार उघडून बाहेर आल्या. रात्री रेग्युलेटर बंद करावयाचा राहून गेला होता आणि शेगडीकडच्या टोकाला रबरी नळी तडकली होती. मी धावत गेलो तेव्हा दारावरच्या डबीचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. भोंगा वाजलाच नव्हता. पलीकडच्या खोल्यांत साठ मुले झोपली होती.

हिरव्या दिव्याचा अर्थ इतकाच होता की यंत्राला वीज मिळत आहे. आम्ही त्याचा अर्थ 'धोका नाही' असा घेतला होता. खालांना शिक्षण चौथीपर्यंतचे; पण त्या दिवशी त्यांनी यंत्रावर विसंबून बटण दाबले असते तर आज मी हे भाषण करीत नसतो. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

प्रथम जागेविषयी. आपल्या सिलिंडरमध्ये जो गॅस असतो तो मुख्यत्वे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळला की पाण्यासारखा खाली उतरतो, जमिनीवरून पसरतो, मोरीत शिरतो, उंबऱ्याशी साचतो. म्हणून घरगुती सिलिंडर असेल तर यंत्र जमिनीपासून एक वीत, फार तर फूटभर उंचीवर हवे. आमचे होते आठ फुटांवर.

आता थोडे गणित. या गॅसचे हवेतील प्रमाण शंभरात सुमारे दोन भाग झाले की ते मिश्रण पेटू शकते. त्यापेक्षा कमी असेल तर पेटत नाही. नऊ-दहा भागांच्या वर गेले तरीही पेटत नाही, कारण मग हवा अपुरी पडते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच असे स्वयंपाकघर धरा. ते पूर्ण भरून पेटण्याच्या स्थितीस येण्यास साधारण सव्वा किलो गॅस पुरतो. आपल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. परंतु गॅस आधी खोलीभर पसरतच नाही, तळाशी साचतो. जमिनीलगतचा एक फुटाचा थर पेटण्याजोगा होण्यास सव्वाशे ग्रॅम पुरे. म्हणजे छताजवळचे यंत्र 'सर्व ठीक आहे' असे प्रामाणिकपणे सांगत असते आणि खाली पायाशी बारूद तयार असते.

याच्या उलट प्रकार नैसर्गिक वायूचा. मुंबई-पुण्याकडे नळाने येतो तो हा, मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, म्हणून वर चढतो. त्याचे यंत्र छतापासून फूटभर खाली लावतात. आपल्याला त्याचे काय, असे म्हणू नका. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव भागातून गेला आहे आणि मुंबई-नागपूर वायुवाहिनी त्या महामार्गाच्याच कडेने टाकली गेली आहे. आपल्या गावांत घरोघरी नळाचा गॅस कधी येईल हे मी सांगू शकत नाही, पण आला तर सिलिंडर जाईल आणि यंत्र मात्र वीतभर उंचीवरच राहून जाईल. आमची चूक उलट्या बाजूने पुन्हा होईल. त्या दिवशी यंत्र वर न्यावे, आणि ते त्या गॅससाठी केलेले आहे की नाही हेही माहितीपत्रकात पाहावे.

उंचीखेरीज आणखी काही गोष्टी आहेत. शेगडीला अगदी चिकटून यंत्र लावू नये, फोडणीच्या वाफेने ते उगाच ओरडते आणि चार दिवसांत कंटाळून कोणी तरी त्याची पिन काढून ठेवते. खिडकी-दाराच्या झोतात लावू नये, कारण गॅस तेथे पोहोचण्यापूर्वीच हवा त्याला उडवून नेते. कपाटामागे, पिंपामागे, मोरीच्या शिंतोड्यांत तर नकोच. सिलिंडर आणि शेगडी यांच्यापासून चार-सहा पावलांवर, मोकळ्या भिंतीवर, जेथे जमीन उताराची असेल त्या बाजूला लावावे. विजेचे पॉइंट नवे काढावयाचे असेल तर काम सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद करून दारे उघडी ठेवावीत. ड्रिल मशिनची ठिणगी हीसुद्धा ठिणगीच असते.

विजेचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे मी वाशीमकरांना सांगावयास नको. बहुतेक घरगुती यंत्रे विजेवर चालतात. वीज गेली की यंत्र झोपते. आली की लगेच जागे होत नाही, आतील भाग तापावयास काही मिनिटे लागतात. घेतानाच बॅटरीची सोय असलेले घ्यावे. ते नसेल तर वीज नसलेल्या वेळी यंत्र नाहीच असे धरून चालावे. आणि ज्या सॉकेटमध्ये मोबाईल चार्ज होतो त्या सॉकेटवर हे यंत्र कधीही ठेवू नये. त्याची पिन दिवसातून तीनदा निघते, हे मी माझ्या घरात पाहिले आहे.

या यंत्राचा वंश मोठा आहे, आणि इतिहासाचा शिक्षक म्हणून तेवढे सांगण्याची परवानगी असावी. कोळशाच्या खाणीत मिथेन निघतो. खाणकामगारांच्या दिव्याच्या ज्योतीने तो पेटून शेकडो माणसे मरत. १८१५ साली इंग्लंडमध्ये हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवून सुरक्षित दिवा केला. त्याचा दुसरा उपयोग कामगारांच्या लवकरच लक्षात आला : हवेत गॅस असेल तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. टोपीच्या उंचीवरून गॅस किती हे जाणता माणूस ओळखी. पुढे विसाव्या शतकात ज्योतीची जागा तारेने घेतली. प्लॅटिनमच्या बारीक तारेवर एक मणी चढवितात, तो तापवून ठेवतात. गॅस आला की मण्याच्या पृष्ठभागावर तो ज्योतीविना जळतो, मणी अधिक तापतो, तारेचा विरोध वाढतो आणि काटा हलतो. कारखान्यांतील पुष्कळशी यंत्रे या जातीची. घरगुती डबीत बहुधा दुसरी जात असते, कथिलाच्या ऑक्साइडची. ती जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६० च्या दशकात पुढे आणली. ही स्वस्त, टिकाऊ, पण थोडी भोळी. अत्तराचा फवारा, रंगाचा थिनर, फोडणी, सर्वांना ती गॅस समजते.

आपल्या विदर्भातच वणी, बल्लारपूर, उमरेडकडे कोळशाच्या खाणी आहेत. खाणीच्या हवेत ज्वालाग्राही वायू सव्वा टक्क्यावर गेला की तेथील वीज तोडावयाची, असा आपल्या देशातील नियम आहे. मिथेन पाच टक्क्यांना पेटतो. म्हणजे चौथाई धोका झाला की काम थांबवावयाचे. कारखान्यातील यंत्राच्या पडद्यावरील आकडाही याच रीतीने वाचावयाचा असतो. '२०' दिसले म्हणजे हवेत वीस टक्के गॅस आहे असे नव्हे. पेटण्याच्या मर्यादेचा वीस टक्के भाग गाठला आहे, असा त्याचा अर्थ. हा फरक न कळल्यामुळे नवखा मुलगा एक तर घाबरतो किंवा 'अजून ऐंशी बाकी आहेत' म्हणून निर्धास्त राहतो. दुसरे अधिक वाईट.

विद्यार्थी मित्रांनो, येथून पुढचे थोडे तुमच्यासाठी आहे. तुमच्यापैकी काही जण आय. टी. आय. करून मुंबईच्या रिफायनऱ्यांत, काही सौदी, कुवेत, कतरला जाल, काही येथेच राहाल. येथे काय आहे म्हणाल तर सोयाबीन आहे. आपला जिल्हा सोयाबीनचा. सोयाबीनचे तेल घाण्याने पुरते निघत नाही. मोठ्या कारखान्यात ते हेक्झेन नावाच्या द्रवात विरघळवून काढतात. हेक्झेनची वाफ हवेच्या तिप्पट जड आणि शंभरात एक भागाच्या थोडी वर गेली की पेटणारी. १३ फेब्रुवारी १९८१ रोजी अमेरिकेत लुईव्हिल या शहरात एका सोयाबीन कारखान्यातून हेक्झेन गटारांत गेले. पहाटे रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारीच्या ठिणगीने ते पेटले आणि सुमारे तीन किलोमीटर रस्ते जमिनीखालून फुटले. पहाटेची वेळ, रस्ते मोकळे. म्हणून कोणी दगावले नाही. आपल्याकडे नागोठण्याला ते भाग्य नव्हते. ५ नोव्हेंबर १९९० रोजी रायगड जिल्ह्यातील तेथल्या वायू संकुलात इथेन-प्रोपेनची गळती होऊन स्फोट झाला, तीसहून अधिक माणसे गेली.

अशा ठिकाणी यंत्र सांभाळण्याचे काम तुमच्या हाती आले तर चार गोष्टी ध्यानात ठेवा, ज्या मला त्या माजी विद्यार्थ्याने सांगितल्या. तो आज तेथे गॅस-टेस्टर आहे. त्याने 'हे काम सुरू करण्यास हरकत नाही' अशा कागदावर सही केल्याशिवाय वेल्डिंगची मशाल पेटत नाही.

यंत्राचा शून्य नेहमी स्वच्छ हवेत लावावा. जेथे आधीच थोडा गॅस आहे तेथे शून्य लावला तर यंत्र त्या गॅसलाच स्वच्छ हवा समजू लागते. ज्या गॅसवर यंत्र जुळविले आहे तो आणि जो गॅस गळणार आहे तो एकच आहे काय, हे पाहावे. मिथेनवर जुळविलेले मण्याचे यंत्र हेक्झेनचा आकडा कमी दाखविते. काटा झपाट्याने वर जाऊन पुन्हा शून्याकडे आला तर धोका टळला असे समजू नये. मण्याला जळण्यासाठी प्राणवायू लागतो. गॅस अतोनात झाला की प्राणवायू उरत नाही आणि यंत्र खोटा शून्य दाखविते. "सर," तो म्हणाला, "आमच्याकडे असा शून्य दिसला की आम्ही पळतो." आणि चौथी गोष्ट, धोक्याच्या जागेतील यंत्राचे झाकण वीज चालू असताना उघडावयाचे नाही. ते जाड झाकण आतली ठिणगी बाहेर येऊ नये म्हणूनच असते. एक बोल्ट कमी बसविला तरी त्याचा उपयोग गेला. अशा उपकरणांना मंजुरी देणारी केंद्र सरकारची संस्था, पेसो, तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मंजुरीचा शिक्का नसलेले स्वस्त यंत्र कोणी आणून दिले तर 'हे बसवीत नाही' असे म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे. नोकरी नवी असताना हे म्हणणे कठीण जाते, ते मी जाणतो.

आता पुन्हा घराकडे येतो. यंत्रावर 'टेस्ट' असे बटण असते. ते दाबले की भोंगा वाजतो आणि आपण समाधानी होतो. पुष्कळ यंत्रांत त्या बटणाने फक्त भोंगा आणि दिवा तपासला जातो. गॅस ओळखणारा भाग जिवंत आहे की मेला, हे कळत नाही. वसतिगृहातील आमचे यंत्र खाली आणल्यावर गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला बोलावून खरी चाचणी करून घेतली तेव्हा ते वाजले. आधी वाजले नाही ते केवळ जागेमुळे. काही जण सिगारेटच्या लायटरचा गॅस जाळीवर सोडून पाहतात. हे करू नये. एकदम दाट गॅस बसल्याने आतील भाग बिघडू शकतो, आणि योग्य वेळी, म्हणजे गॅस थोडा असताना, यंत्र वाजेल की नाही हे त्यातून कळतच नाही. माहितीपत्रकात जी रीत दिली असेल त्याच रीतीने किंवा जाणकाराकडून वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावे.

जाळीवर तेलकट धूळ बसते. कोरड्या मऊ ब्रशने महिन्यातून एकदा झाडावी. ओले फडके, फिनेल, फवारा मारू नये. सिलिकॉन असलेले पॉलिश किंवा फटी बुजविण्याचा मसाला जवळपास वापरला तर यंत्राचे नाक कायमचे बंद होऊ शकते. ईदच्या आधी घरोघरी रंग लागतो. आमच्या शेजारी रंगाऱ्याने भिंतीबरोबर डबीलाही सफाईने दोन हात दिले होते, जाळीसकट. घरच्यांना ती भिंतीशी छान जुळली असे वाटले! रंग लावताना यंत्र काढून दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि वास गेल्यावर लावावे. आणि यंत्रालाही वय असते. साधारण पाच वर्षे, नक्की किती ते मागच्या बाजूस लिहिलेले असते. विकत घेतल्याची तारीख त्यावरच पेनाने लिहून ठेवावी. रबरी नळीचेही असेच, आय. एस. आय. शिक्क्याची घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी, वरून चांगली दिसत असली तरी.

ज्यांच्या शेतात गोबरगॅस आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. गोबरगॅसमध्ये मिथेन असतो आणि कार्बन डायऑक्साइडही, म्हणून तो हवेहून जेमतेम हलका; खड्ड्यात रेंगाळतो. शिवाय त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, जो थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि फार झाला की नाक बधिर करून माणूस पाडतो. आपल्याकडे विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरू नये, हे जुन्या माणसांचे शहाणपण. ते कोंडलेल्या, प्राणवायू नसलेल्या हवेसाठी होते. गोबरगॅसच्या खड्ड्यात हीच रीत वापरली तर कंदील विझण्याऐवजी खड्डाच पेटेल. आणि कंदील जळत राहिला तरी विषारी वायू नाही असे होत नाही. तेथे चार वायू मोजणारे यंत्र दोरीने खाली सोडून पाहतात. ते कोणा शेतकऱ्याच्या घरी असणार नाही, म्हणून त्या खड्ड्यात उतरूच नये. एक पडला की दुसरा त्याला काढावयास उतरतो, मग तिसरा.

यंत्र नसतानाही आपल्याजवळ नाक आहे. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. तो यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र द्रव्य मुद्दाम मिसळतात. पण नाकही दमते, दहा-पंधरा मिनिटांत वासाला सरावते. २०२१ साली करोना झाल्यापासून माझ्या अम्मीला वास नीट येत नाही. बिर्याणीला दम बसला की नाही ते ती आता माझ्या मुलीला विचारते. दूध उतू गेलेले तिला कळत नाही, गॅसही कळणार नाही. तिच्यासारख्या घरोघरी आहेत, सर्दीचा मनुष्य आहे, तंबाखूने वास गेलेले आजोबा आहेत. माझ्या घरी यंत्र आले ते तिच्यासाठी.

भोंगा वाजला तर काय करावे हे तिला मी असे शिकविले आहे : आधी कोणतेही बटण दाबावयाचे नाही, चालू असलेलेही बंद करावयाचे नाही, पंखा लावावयाचा नाही. शेगडीची ज्योत असेल तर विझवावी, हात पोहोचत असेल तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर यावे. रेग्युलेटर काढता आला तर सिलिंडरच्या तोंडावर टोपण लावावे. मोबाईल अंगणात आल्यावर काढावा आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा गॅस गळतीसाठीचा क्रमांक आहे. शेजाऱ्यांना हाक मारावी, बेल वाजवू नये. अम्मी म्हणाली, "एवढे मला यंत्राआधीच माहीत होते." तिची आणि खालांची पिढी एक दिसते.

त्या वसतिगृहात आम्ही नंतर भिंतीवर एक वही टांगली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी नमाजनंतर दोन मुले ब्रशने जाळी झाडत, बटण दाबत, नळी वाकवून चिरा पाहत आणि वहीत सही करीत. दरवर्षी मुले बदलत. मी ते गाव सोडले तेव्हा वहीची बारा पाने भरली होती. खालांनी मात्र शेवटपर्यंत पहाटे दार उघडून आधी वास घेण्याची आणि मगच बटणाला हात लावण्याची सवय सोडली नाही, आणि मीही त्यांना ती सोडा असे कधी म्हटले नाही.

मागच्या टेबलावर दोन यंत्रे मांडली आहेत, एक चालू आणि एक मुद्दाम उघडलेले. आय. टी. आय.ची दोन मुले तेथे उभी आहेत, चहानंतर त्यांना काय विचारावयाचे ते विचारा. जुनी रबरी नळी आणावयास सांगितली होती. ज्यांनी आणली असेल त्यांनी तिच्यावरचे साल वाचून घ्यावे. चष्मा लागत असेल तर माझा घ्या.